शिवण कुणाची

ब्लाऊज अगदी मनासारखा बसला, की बाई शिंपिणीचं नाव कुणाला सांगत नाही. नाही बसला, तर नाव, गाळा नंबर, समोरच्या मेडिकलची खूण, सगळं सांगते. ठाण्यात माजिवड्याच्या नाक्याजवळ तीसेक वर्षं मशीन चालवून जे शहाणपण मिळालं, त्यातलं हे पहिलं कलम.

एका लग्नात मी जेवणाचं ताट घेऊन मागच्या रांगेत बसले होते. पुढच्या रांगेत माझंच गिऱ्हाईक, अंगात माझाच मोरपिशी कटोरी ब्लाऊज. तिच्या जावेने विचारलं, "कुठे शिवलास गं?" ही म्हणाली, "पुण्याला. भाचीच्या ओळखीची बाई आहे. इकडे कोण एवढं नीट शिवतं?" मी जिलबी खाली ठेवली आणि म्हटलं, "खरंच हो, पुण्याच्या बाईचा हात छान आहे." तिने मागे वळून पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यात चार ब्लाऊज घेऊन दुकानात आली. विषय दोघींनीही काढला नाही.

आपलं नाव लपवतात, याचा मला भयंकर राग यायचा. घरी जेवताना नवऱ्याला हेच ऐकवायची, तो बिचारा आमटी भुरकत "हं, हं" करायचा. हा राग इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे तो माझ्याच अंगावर उलटणार आहे.

शिवणकाम म्हणजे लोकांना वाटतं कात्री, टेप आणि मशीन. पण अर्धा धंदा बाईचं तोंड वाचण्याचा असतो. नवी नवरी सासूला घेऊन येते. "गळा लहानच ठेवा," असं तोंडाने सांगते आणि सासूची पाठ वळली की डोळ्यांनी दोन बोटं खाली दाखवते. एखादी मापाला म्हणून बाळंतपणाच्या आधीचा ब्लाऊज आणते, "याच मापाचा करा" म्हणते. मी "बरं" म्हणते आणि तीन इंच वाढवून शिवते. आत शिलाईत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, दाबून ठेवते. ती घालून बघते आणि खूष होते, "बघा, तसाच बसतो की अजून!" अशा विजयांनी माणूस बिघडतो. गिऱ्हाईक सांगतं एक आणि त्याला हवं असतं भलतंच, आणि ते भलतं काय हे मंदाताईलाच कळतं, अशी माझी पक्की समजूत झाली होती. हारुकोबाई आल्या तेव्हा मी जेमतेम एकसष्टची होते. म्हणजे तशी अल्लडच.

पण त्यांच्याआधी शेवंताचं सांगायला हवं. शेवंता कळव्याची. दर शनिवारी खाडीपलीकडून यायची आणि दुकानातल्या चिंध्यांची गोणी उचलून न्यायची. त्या चिंध्या आणि घरोघरची जुनी लुगडी यांच्या ती गोधड्या शिवायची, हाताने, बारीक धावदोऱ्याने. टाका असा, की मशीनने मान खाली घालावी. त्यातल्या काही मी दुकानात टांगून विकायची. कुणी विचारलं की सांगायची, "आमच्याकडेच होतात." खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. चिंध्या आमच्याकडच्याच होत्या ना?

तिला मी चहा द्यायची. तिचा कप ठरलेला होता, कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. बाकीच्या कपांत तो मिसळायचा नाही. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं. शेवंतानेही नाही.

हारुकोबाई मागच्या टॉवरमध्ये राहायच्या. नवरा इंजिनिअर, कंपनीने जपानहून इकडे पाठवलेला. त्यांचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. पहिल्यांदा आल्या त्या ब्लाऊजसाठी नव्हे. बाहेर टांगलेल्या गोधडीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आत आल्या, गोधडीची कड दोन्ही हातांत घेऊन टाके बघितले आणि विचारलं, "ये किसने बनाया?"

मी म्हटलं, "हमने."

त्या कमरेत वाकल्या. मीही वाकले. नमस्कार फुकटात मिळत असेल तर कोण सोडतो?

दुसऱ्या दिवशी त्या एक लाकडी डबी घेऊन आल्या. डबीत रुमाल, रुमालात एक छोटी पिशवी आणि पिशवीत मुठीत मावेल एवढी मातीची कुपी. तपकिरी, एका बाजूला वाकडी, ओघळ आलेली. आमच्याकडे कुंभाराने अशी दिली असती तर परत पाठवली असती. त्यांच्याकडे समारंभाने चहा करतात, त्या हिरव्या चहाची पूड हिच्यात ठेवायची, आणि ती पिशवी म्हणजे कुपीचा अंगरखा, शिफुकु. एवढं समजून घ्यायला आम्हाला अर्धा तास आणि हातवारे पुष्कळ लागले. पिशवीचं कापड पट्ट्यापट्ट्यांचं, सुती, निळं आणि विटकरी, पण रंग बहुतेक आठवणीतच राहिलेले. कडेला विरलेलं, एका ठिकाणी रफू केलेलं. असलं कापड फार पूर्वी जहाजातून आपल्याच देशातून तिकडे गेलं, आणि चहाच्या मंडळींनी त्याचा तळहाताएवढा तुकडासुद्धा जपून वापरला, असं त्या म्हणाल्या. हा तुकडा त्यांच्या आजीला तिच्या चहाच्या गुरूने दिलेला. पिशवी शिवली होती आईने. आई गेल्या वर्षी वारली. पुढच्या महिन्यात तिच्या नावाने त्या घरी चहा करणार होत्या, आणि तोच त्यांचा ठाण्यातला शेवटचा. नंतर नवऱ्याची बदली.

"अंदर का कपडा फट गया. सिर्फ अंदर का बदलना," त्या म्हणाल्या. "बाहर का ऐसा ही."

फक्त अस्तर. कापडाला हात लावायचा नाही. एखाद्या शेंबड्या पोरीलाही कळलं असतं. पण मी मंदाताई. मी त्यांचं तोंड वाचलं आणि त्यात मला असं दिसलं, की बाई भिडस्त आहे, परक्या देशात आहे, नवीन करून मागायला लाजते आहे. आईच्या नावाचा कार्यक्रम आणि पिशवी असली फाटकी? आपल्याकडे आलेल्या पाहुणीला असं पाठवायचं?

मी ब्लेड घेतलं आणि पिशवी टाका टाका उसवली. कापड सपाट करून त्यावरून कागदी बेतणी काढली. मग जांभळ्या इरकली खणाची नवी पिशवी शिवली, जरीचा काठ बरोबर पोटावर येईल अशी. आत साटीनचं अस्तर, कडेला सोनेरी पायपिंग, आणि दोरीच्या दोन्ही टोकांना ब्लाऊजच्या पाठीला लावतात तशी लटकनं. मोत्यांची. एवढ्यावर थांबले हे नशीब. एक आरसाही लावणार होते. जुना तुकडा चिंध्यांच्या गोणीत टाकला, आणि शनिवारी शेवंता गोणी घेऊन गेली.

त्यानंतरच्या बुधवारी हारुकोबाई आल्या. मी ठेवणीतली कपबशी काढली, पण त्यांनी खिडकीतला बिनकानाचा कप पाहिला आणि तोच मागितला. त्यांच्या चहाच्या वाडग्यांना कान नसतातच. दोन्ही हातांत धरायचा, ऊब हाताला लागू द्यायची, थोडा फिरवायचा आणि मग प्यायचा. आमचा आल्याचा, दुधाचा, साखरेचा चहा त्यांनी शेवंताच्या कपातून असा मन लावून प्यायला, की मला माझ्या हातातली बशी जड वाटायला लागली.

मग मी जांभळी पिशवी पुढे केली.

त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. शिवण पाहिली, आतली उलटी बाजू पाहिली, पायपिंगवरून बोट फिरवलं. लटकनं हलवली, ती वाजली. "बहुत सफाई," त्या म्हणाल्या. "बहुत मेहनत." नवरा आणि मुलगे धरून आजवर कुणी माझं काम इतकं नीट पाहिलं नव्हतं. मी फुलून गेले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पुराना कपडा?"

मी म्हटलं, "फेक दिया," आणि ते म्हणता म्हणताच मला त्यांचं तोंड वाचता आलं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचता आलं. त्या रागावल्या नाहीत. पिशवी मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार शब्द बोलले तरी असते.

आम्ही रिक्षा करून कळव्याला गेलो. आईचे टाके तर मीच ब्लेडने उसवले होते, ते कुठल्या गोणीत शोधणार? पण कापड मिळालं तरी पुष्कळ, असं मनात घोकत होते.

शेवंताच्या अंगणात दोरीवर एक छोटं दुपटं वाळत होतं. मी लांबूनच निळ्या-विटकरी पट्ट्या ओळखल्या.

"काय गो मंदाबाय, आज कशी वाट चुकलीस?" शेवंता बाहेर आली. काखेत लाल लाल गोळा. "नात झाली मना. अकरा दिवसांची हाय."

मी सगळं सांगितलं. शेवंताने दुपट्याकडे पाहिलं, हारुकोबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता गो? पोरीनं त्यावर तीनदा मुतून ठेवलाय."

हे हिंदीत कसं सांगावं याचा मी विचार करत होते. गरज पडली नाही. हारुकोबाईंना वासावरून समजलं असावं. त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि दुपट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा तुकडा वरच्या कडेला होता, बरोबर मधोमध.

"इसको यहाँ क्यों लगाया?" त्यांनी विचारलं.

शेवंताने नातीचा गाल दाखवला. "तोंड तिथं येतं ना. नवा कापड टोचतं पोरांना. गोणीत हात घातला, त्यान हा एकच असा मऊ लागला. कोनी तरी लय धुतलाय याला. लय वापरलाय."

मी ते हिंदीत सांगितलं. हारुकोबाईंनी दुपट्याची कड हातात घेतली. टाके बघितले. बराच वेळ बघितले. मग माझ्या दुकानातल्या गोधडीकडे बघितलं होतं त्याच नजरेने शेवंताच्या बोटांकडे बघितलं, आणि एकदाच, अगदी सहज, माझ्याकडे. मी दोरीवरचे चिमटे मोजत राहिले.

शेवंता कात्री घेऊन आली. "उसवून देते की. त्यात काय?"

हारुकोबाईंनी तिचा हात धरला. "नहीं. बच्ची का है."

"अगो, पण तुज्या आयशीचा हाय," शेवंता म्हणाली. भाषा दोघींची वेगळी, पण भांडण चोख चाललं होतं. एक घ्या म्हणत होती, दुसरी नको. शेवटी निकाल शेवंतानेच दिला. "अर्धा तुना, अर्धा माज्या नातीला. झाला?"

अर्धा म्हणजे चार बोटं रुंदीची पट्टी. तेवढ्यात कुपीचा अंगरखा होत नाही. मग शेवंताने तिच्या सासूच्या विरलेल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला. बेतणी माझ्याकडे होती, मी कापड कापलं, अस्तर लावलं. मशीनला मात्र हात लावला नाही. पट्टी आणि लुगडं शेवंताने हाताने जोडलं, त्याच धावदोऱ्याने, दारात बसून, मांडीवर नात झोपलेली. हारुकोबाई समोर बसून दोरी वळत होत्या. पिशवी झाली ती कुठल्याच देशाची वाटत नव्हती, आणि कुपीला अशी बसली, की मी मनातल्या मनात तिला शंभर पैकी शंभर दिले. स्वतःला नाही.

चहाला हारुकोबाईंनी आम्हा दोघींनाही बोलावलं. मी पैठणी नेसले. शेवंता धुवट सुती पातळात आली आणि तिचंच बरोबर ठरलं. टॉवरमधल्या त्या खोलीत दोन चटया, एक पाण्याचं भांडं आणि भिंतीला टांगलेल्या बांबूत एकच गोकर्णीचं फूल. बाकी काही नाही. आधी मला वाटलं, बदलीचं सामान बांधून झालं असेल. मग बसल्या बसल्या त्या एका फुलाकडे जेवढं बघितलं, तेवढं आयुष्यात कुठल्या हाराकडे बघितलं नव्हतं. दारावर कमरेपर्यंत कापड सोडलेलं, म्हणजे आत येताना प्रत्येकाने वाकायचं, मग तो कुणी का असेना. या चहाच्या पायी तिकडे कुंभाराच्या हाताला, सुताराच्या रंध्याला, विणकराच्या मागाला वळण लागलं, असं हारुकोबाई सांगायच्या तेव्हा मी मान डोलवायची. त्या खोलीत ते पटलं. प्रत्येक वस्तू कुणीतरी नीट बघणार आहे, हे माहीत असेल तर करणारा ती तशीच करतो. माझ्या ब्लाऊजची आतली बाजू बघणारं आजवर कोण होतं?

मुंबईहून त्यांची एक वयस्कर जपानी मैत्रीण आली होती, ती मानाची पाहुणी. आधी गोड, ठाण्यातलाच पेढा, चौघींत चार तुकडे. मग चहा. एकच वाडगा. दाट हिरवा, कडुलिंबाचा पाला वाटल्यासारखा. मैत्रिणीने तीन घोट घेतले, कड पुसली आणि वाडगा शेवंताकडे दिला. शेवंताने घेतले, कड पुसली आणि माझ्याकडे दिला.

उष्टा. तोही शेवंताचा. एक क्षण माझे हात थबकले, हे इथे कबूल करते. शेजारी बसलेल्या शेवंताने ते पाहिलं. एकोणीस वर्षं कान तुटलेल्या कपाकडे तिने ज्या शांतपणे पाहिलं होतं, तसंच पाहिलं. मी वाडगा दोन्ही हातांत धरला, फिरवला आणि प्यायले. तो कडूपणा नुसत्या चहाचा नव्हता.

शेवटी पाहुणे भांडी बघायला मागतात. रीतच आहे. कुपी, चमचा आणि कुपीचा अंगरखा समोर मांडतात आणि पाहुणा एकेकाची चौकशी करतो. कुपी कुठली? कापड कुठलं? आणि शिवण कुणाची? हो, शिंपिणीचं नाव त्या कार्यक्रमात विचारतात आणि यजमानाने ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं. मला आधी कळलं असतं तर मी तरुणपणीच जपानला गेले असते.

मैत्रिणीने पिशवी दोन्ही हातांत घेऊन विचारलं. हारुकोबाईंनी कापडाचं उत्तर दिलं, पट्टी आजीची, हिरवं कळव्याचं. मग शिवणीचा प्रश्न आला. त्या माझ्याकडे वळल्या आणि पहिल्या दिवशीच्याच शब्दांत, तितक्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "मंदासान, ये किसने बनाया?"

शेवंता माझ्याकडे बघत नव्हती, फुलाकडे बघत होती. "हमने" हा शब्द जिभेवर तयार होता. खोटाही नव्हता, बेतणी माझीच होती.

मी म्हटलं, "शेवंताने. और दुकान की वो गोधड़ी भी."

हारुकोबाईंनी मान लववली. "पूरा नाम?"

एकोणीस वर्षं. दर शनिवारी. मला तिचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. मी शेवंताकडे पाहिलं. तिने फुलावरची नजर काढली, पदर सारखा केला आणि शाळेत हजेरी द्यावी तशी म्हणाली, "शेवंता सखाराम भोईर. कलवा."

दोघी जपानी बाया तिला कमरेत वाकून नमस्कार करत्या झाल्या. तिसरी मी. गुडघे दुखत होते, तरी पूर्ण वाकले.

हारुकोबाई गेल्या. जांभळी पिशवीही हट्टाने घेऊन गेल्या. तिच्यात चष्मा ठेवतात, लटकनांसकट, फोटो पाठवला होता. मी दुकानाच्या काचेतले सात ब्लाऊज काढून एकच टांगायला लागले आणि गिऱ्हाइकांना वाटलं माझा धंदा बसला. बिनकानाचा कप मी माझ्यासाठी घेतला. शेवंताला कपबशी दिली तर म्हणाली, "बशी कला?" म्हणजे कशाला. "माज्या सवयीचा होता तो." पण कप परत मागितला नाही. दुकानातून गेलेल्या पुढच्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात तिच्या नावाची पट्टी शिवलेली आहे. दोनच वर्षांत बायका मला ओलांडून थेट कळव्याला जायला लागल्या. गेल्या तर गेल्या.

आता गाळा मोठ्या मुलाने भाड्याने दिला आहे. शेवंताची नात बारा वर्षांची झाली. दुपट्याची चिंधी उशाशी घेतल्याशिवाय अजून झोपत नाही, पण हे मैत्रिणींना सांगायचं नाही अशी तिची तंबी आहे, म्हणून मी ते फक्त इथे छापते आहे.

परवा हारुकोबाईंचा फोन आला. त्यांच्या गावात चहा झाला की अजून कुणी ना कुणी त्या पिशवीबद्दल विचारतं आणि त्या उत्तर देतात. मी कळव्याला जाऊन शेवंताला सांगितलं, "अगं, तिकडे जपानात तुझं नाव घेतात. शेवंता सखाराम भोईर, कळवा."

ती सुईत दोरा ओवत होती. डोळे बारीक करून म्हणाली, "आनि तुजा नाव?"

"माझं नाही विचारत कुणी."

"कला विचारतील?" शेवंता म्हणाली. दोरा ओवला गेला, तिने गाठ मारली. "तू त उसवणारी."